मातीपाशी उमेदवारी

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीनजीक मार्कंडा येथे वैनगंगा दक्षिणेकडे जाण्याचा आपला नित्यक्रम सोडून काही अंतर उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणाच्या काठी शिल्पसमृद्ध शिवालयांचा जो समूह शतकानुशतके उभा आहे, त्याचा संबंध लोकपरंपरेने मार्कंडेय ऋषीशी जोडला आहे. सोळाव्या वर्षी मृत्यू येणार असे प्राक्तन घेऊन जन्मास आलेल्या आणि शिवभक्तीच्या बळावर ते प्राक्तन ओलांडून चिरंजीव झालेल्या मुलाची कथा महाशिवरात्रीच्या यात्रेस येणाऱ्या आबालवृद्धांस ठाऊक असते. परंतु याच मार्कंडेयाने महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिरास सांगितलेली आणखी एक कथा आहे, आणि आजच्या काळातील एका नव्या घटनेचा धर्मदृष्टीने विचार करू जाता ती कथा मला पहिलीपेक्षाही अधिक उपकारक वाटते.

कौशिक नावाचा एक वेदाध्यायी ब्राह्मण वृक्षाखाली पठण करीत असता वर बसलेल्या बगळीने त्याच्या अंगावर विष्ठा टाकली. त्याने क्रोधाने वर पाहिले आणि ती मरून खाली पडली. पुढे तो भिक्षेस गेला, तेव्हा पतिसेवेत गुंतलेल्या एका गृहिणीने त्यास दारात ताटकळत ठेवले, आणि तो संतापला असता, आपण काही ती बगळी नव्हे, असे शांतपणे सांगून, धर्म जाणायचा असेल तर मिथिलेस जाऊन व्याधाला विचार, असा मार्ग दाखविला. कौशिक मिथिलेस गेला, आणि भर बाजारात, मांसविक्रीच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत बसलेल्या व्याधापुढे तो वेदवेत्ता पुरुष विद्यार्थी म्हणून उभा राहिला. व्याधाने त्यास घरी नेले, वृद्ध आईबापांची सेवा हीच आपली उपासना असल्याचे प्रत्यक्ष दाखविले, आणि दीर्घ उपदेशाअंती आज्ञा केली ती अशी की, ज्या मातापित्यांस न विचारता तू अध्ययनासाठी घर सोडलेस त्यांच्याकडे परत जा. कौशिकाने व्याधाचा धंदा उचलला नाही. तो घरी परतला.

ज्या नव्या घटनेचा मी उल्लेख केला ती ही की, ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी नांगरास हात लावलेला नाही अशी नगरवासी माणसे आज इमारतीच्या गच्चीवर किंवा सार्वजनिक उद्यानाच्या कोपऱ्यात एकत्र जमून, कोणा जाणत्याच्या हाताखाली, शेतीची उमेदवारी करू लागली आहेत. तेथे जमीन जमलेल्यांपैकी कोणाच्याच मालकीची नसते, श्रम सर्वांचे असतात आणि जे पिकेल ते वाटून घ्यायचे असते. हा केवळ हौसेचा प्रकार आहे, असे म्हणून बाजूस सारता येईल. पण त्याच्या तळाशी एक जुना व गंभीर प्रश्न आहे. जी विद्या कुळात जन्म घेतल्याने येते असे आपण मानीत आलो, ती परक्याच्या दारी जाऊन, स्वेच्छेने, प्रौढ वयात घेता येते काय? आणि घेता येत असेल, तर घेणाऱ्यावर तिच्यामुळे कोणते कर्तव्य येऊन पडते?

या घटनेचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईतले आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहात गोदी कामगारांसाठी रोज अन्न शिजत असे व भाजीपाल्याचे उच्छिष्टही रोज उरत असे. तेथील खानपान व्यवस्थेच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास हे उच्छिष्ट गच्चीवर नेऊन कुजविण्यास व त्यात झाडे लावण्यास आरंभ केला, आणि स्वयंपाकघरातील कर्मचारीच माळी झाले. पुढे २००९ च्या सुमारास ‘अर्बन लीव्हज’ या नावाने हाच उपक्रम नागरिकांसाठी खुला झाला, आणि माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानासारख्या ठिकाणी सुटीच्या दिवशी शिकाऊ हात मातीत राबू लागले. या मंडळींनी जो मार्ग धरला तो श्रीपाद दाभोलकरांचा. दाभोलकर (१९२४–२००१) हे गणिताचे प्राध्यापक. परंतु त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाचे जे जाळे विणले त्यात तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून परसबाग करणाऱ्या गृहिणींपर्यंत सर्वांस एकच दर्जा होता, तो म्हणजे प्रयोगकर्त्याचा. पानावर पडणारे ऊन हेच शेतकऱ्याचे खरे भांडवल, दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, आणि ज्ञान वरून खाली न येता एका प्रयोगकर्त्याकडून दुसऱ्याकडे गेले पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. त्यांचेच शिष्य दीपक सचदे यांनी नर्मदाकाठी बजवाडा येथे ही रीत पुढे नेली.

या पद्धतीत शिकाऊ माणसाचे पहिले काम पेरणे नसून माती तयार करणे हे असते. पाण्यात शेण, गोमूत्र आणि थोडा गूळ कालवून तो द्राव तीन दिवस ठेवावयाचा. मग तो पाण्याने पातळ करून त्यात वाळका पालापाचोळा भिजवावयाचा. त्याचे थर मातीच्या पातळ थरांसह रचून ढीग करावयाचा. तो ठराविक दिवसांनी उलथून पुन्हा भिजवावयाचा. पुढे त्यावर नानाविध बिया पेरून उगवलेली कोवळी रोपे कापून पुन्हा त्यातच मिसळावयाची. आणि असे करता करता पाचएक महिन्यांनी ज्यास ही मंडळी अमृतमाती म्हणतात ती हातास लागते. ज्या शहरात मागितलेली वस्तू तासाभरात दारात येते, त्या शहरातील मनुष्य एक मूठ मातीसाठी पाच महिने वाट पाहण्यास शिकतो, हा या शिक्षणाचा पहिला संस्कार होय. काळ आपल्या आज्ञेत नाही, हे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात वाचणे निराळे आणि अपक्व ढिगापुढे हात जोडून थांबणे निराळे. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथील विद्यापीठात ॲलन चॅडविक याने १९६७ साली विद्यार्थ्यांसह जी बाग आरंभिली व जिच्यातून पुढे शेतीच्या उमेदवारीची रीतसर परंपरा निघाली, तिचा पायाही पुस्तकाआधी कुदळ हाच होता.

आता चामोर्शीच्या बाजूने पाहू. हा धानाचा मुलूख आहे. येथे मृगाच्या पावसाने परहे, म्हणजे रोपांचे वाफे, टाकावयाचे, आषाढात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलणी करावयाची, तयार रोपे उपटून कमरेत वाकून रोवणी करावयाची, आणि नंतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फिरून पाण्यावर पाळत ठेवावयाची, हा क्रम चुकत नाही. कन्हार, मोरांड, खरडी ही मातीची नावे बंदोबस्ताच्या दप्तरात प्रतवारी म्हणून नोंदली गेली खरी, पण दप्तरात येण्यापूर्वी ती तळव्यास कळलेली होती. असा मुलूख शहरातील गच्चीकडे पाहून सहजच विचारील की, जे आमच्या पोरास चालता येऊ लागल्यापासून येते, त्याची उमेदवारी ती काय करावयाची?

परंतु हा प्रश्न जितका स्वाभाविक तितकाच सदोष आहे. जन्माने शेताचे दार उघडते. विद्या आपोआप आत येत नाही. आदिपर्वातील आरुणीची कथा येथे आठवावी. धौम्य ऋषींनी त्यास शेताचा फुटलेला बांध धरण्यास पाठविले. माती टिकेना, तेव्हा तो स्वतःच त्या भगदाडात आडवा पडून राहिला. गुरू शोधीत आले तेव्हा उठला, आणि सर्व वेद तुला स्फुरतील असा आशीर्वाद त्यास लाभला. श्रावणातील रात्री धुरा फुटल्यावर ज्याने फावडे घेऊन धाव घेतली आहे त्यास या कथेत अद्भुत काही वाटणार नाही. विद्या देहाच्या द्वारे आत जाते व प्रत्येक पिढीस ती नव्याने देहात उतरवावी लागते, हा तिचा अर्थ आहे. आणि त्या अर्थाने शेतकऱ्याचा मुलगादेखील उमेदवारच असतो.

याचे साक्षात प्रमाण आपल्याच भागात होऊन गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी राहत असत. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नव्हते. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत त्यांस काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, हंगामामागून हंगाम निवड करीत गेले, आणि त्यातून जे बारीक दाण्याचे वाण निघाले त्यास त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून ‘एचएमटी’ असे नाव मिळून ते दूरदूरच्या प्रांतांत पसरले. २०१८ साली ते वारले. ज्या बांधीतून असंख्य माणसे चालत गेली असतील तिच्यात वेगळी लोंबी एकास दिसते आणि इतरांस दिसत नाही, याचे कारण जन्मात सापडत नाही. ते अवधानात आहे. आणि अवधान ही जगातील अशी संपत्ती आहे की जिचा सातबारा कोणाच्याच नावे नाही.

येथवर विचार सुखावह आहे. पुढचा भाग तसा नाही. व्याध स्वतः कौशिकास सांगतो की, हा धंदा मला कुलक्रमाने आला आहे, आणि त्याचे कारण म्हणून तो पूर्वजन्मीचा शाप कथन करतो. म्हणजे जी कथा ज्ञानास जन्माचे कुंपण नाही असे दाखविते, तीच कथा कर्मास मात्र जन्माचे कुंपण ठेविते. हे कुंपण या मुलखाने पुरते भोगले आहे. मालगुजारीच्या अमदानीत ज्याने बांध्या घातल्या, तलावांच्या पाळी रचल्या, त्याच्या पदरी बहुधा लगान आणि वेठ आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तरी दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाऱ्या भूमिहीन बाईचे वाकणे संपले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था श्रमांची वाटणी करीत नाही, ती श्रमिकांची वाटणी करते; आणि नागपूरच्या धर्मांतरानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी चंद्रपूर येथे सहस्रावधी लोकांस जी दीक्षा दिली, तिचा एक अर्थ असा की मनुष्याचा धर्म त्याच्या जन्माने ठरू नये, त्याच्या निश्चयाने ठरावा.

मग मुंबईच्या गच्चीवर स्वेच्छेने वाकणारी कंबर आणि चामोर्शीच्या बांधीत मजुरीसाठी वाकणारी कंबर, या दोहोंचा धर्म एकच मानावयाचा काय? मला वाटते, एकच मानणे हा अन्याय होईल. श्रमाची पवित्रता निवडीतून उत्पन्न होत असेल, तर ज्यास निवडच नाकारली गेली त्याच्या श्रमास पवित्र म्हणणे ही त्याची फसवणूक आहे. आणि तरीही, ज्या हातांस निवड मिळाली नाही त्याच हातांत ती विद्या शतकानुशतके सुरक्षित राहिली, हे सत्य नाकारणे ही दुसरी फसवणूक होईल. शहरातील उमेदवाराने ज्या विद्येपुढे मस्तक नमवावयाचे, ती विद्या ज्यांनी राखली त्यांना समाजाने मस्तक वर करू दिले नाही, ही या विषयातील खरी धर्मसंकटाची जागा आहे.

विदर्भात राहून कार्य केलेल्या दोन थोर पुरुषांनी या संकटास हात घातला होता. गांधीजींनी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षणपरिषद भरवून, हस्तव्यवसायातूनच सर्व विद्या शिकवावी, हा विचार मांडला. त्यात कृषी हा एक प्रमुख व्यवसाय होता आणि तो सर्व मुलांसाठी होता, एका जातीच्या मुलांसाठी नव्हता. विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनार येथे कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग करताना बैलांवाचून, केवळ स्वतःच्या हातांनी कुदळीने जमीन खणून, जिला ते ऋषिखेती म्हणत ती शेती केली. ज्यांना शेती करणे भाग नव्हते त्यांनी ती पत्करली, यात या प्रयोगांचे तेज आहे, आणि त्यांची मर्यादाही तेथेच आहे. कारण गीतेतील फलत्यागाचा उपदेश ज्याचे पोट त्या फळावर अवलंबून नाही त्यास आचरणे तुलनेने सोपे जाते. गच्चीवरील वांगी किडीने गेली तर उमेदवार हळहळतो आणि बाजारातून वांगी आणतो. ऐन लोंबी भरण्याच्या वेळी पाऊस दडी मारून बसला तर चामोर्शीचा शेतकरी सोसायटीचे कर्ज आणि लेकीचे लग्न या दोहोंचा हिशेब पुन्हा मांडतो. अनासक्तीची कसोटी दुसऱ्याच्या बाबतीत लागते. पहिला अद्याप परीक्षेस बसलेला नाही.

उमेदवारीचा याहून खोल धडा धर्मव्याधाच्या उपदेशातच आहे. मांसविक्रयास नाक मुरडणाऱ्या जगास तो सांगतो की, कृषी ही साधुवृत्ती मानली जाते खरी, परंतु नांगराच्या फाळाखाली भूमीत राहणारे कितीतरी जीव मरतात, आणि धान्याचे बीजदेखील सजीवच आहे. हा विचार आपल्या परंपरेत अन्यत्रही आढळतो. हिंसेच्या याच जाणिवेमुळे जैन परंपरेने नांगरणीकडे साशंकतेने पाहिले. शहरातून शेतीकडे येणारा मनुष्य बहुधा एका शुद्धतेच्या शोधात येतो: विषारी फवारे न मारलेली भाजी, स्वतःच्या हाताने पिकविलेले निर्दोष अन्न. पहिल्याच हंगामात त्यास अळ्या वेचाव्या लागतात, अतिरिक्त रोपे उपटावी लागतात, उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो, आणि त्यास कळून चुकते की संपूर्ण निर्दोष असे अन्न कोठेच नाही. प्रत्येक घास कोणाच्या तरी प्राणाने आणि कोणाच्या तरी पाठीने दिलेला असतो. चामोर्शीच्या परिसरातील गोंड कुटुंबे पेरणीपूर्वी बीज देवतेपुढे ठेवतात आणि नवे धान्य अर्पण केल्यावाचून मुखी घालीत नाहीत, त्या आचारामागे हीच जाणीव उभी आहे. तेथे मनुष्य धान्याचा मालक म्हणून वागत नाही. तो घेण्यापूर्वी परवानगी मागतो.

ही जाणीव म्हणजेच ऋण होय, आणि उमेदवारीचे खरे फळ तेच, असे माझे मत आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही आपल्या शास्त्रांनी सांगितली, पुढे त्यांत मनुष्यऋणाची भर पडली. पण ज्याच्या श्रमाने अन्न दारात येते त्याचे ऋण नगरवासी मनुष्य दाम मोजून फिटले असे समजतो. ज्याने एक मूठ मातीसाठी पाच महिने वाट पाहिली आहे, त्यास हा समज टिकविता येणार नाही. एक किलो तांदळासाठी किती रोपे, किती पाणी, किती वाकणे लागते याचा अंदाज त्याच्या देहास आलेला असतो, आणि देहास आलेला अंदाज बुद्धीस सहसा विसरता येत नाही.

म्हणूनच कौशिकाचे घरी परतणे मला या विषयात निर्णायक वाटते. गच्चीवर शिकलेल्या प्रत्येकाने शेतकरी व्हावे, गावी जाऊन जमीन खरेदी करावी, अशी अपेक्षा पुष्कळांची असते, आणि तसे न झाल्यास त्यांस ही उमेदवारी वाया गेलीशी वाटते. परंतु व्याधास कौशिकाच्या हाती मांस कापण्याची सुरी द्यावयाची नव्हती. स्वतःच्याच घरी जे कर्तव्य तो टाकून आला होता ते त्याच्या दृष्टीस आणावयाचे होते. नगरातील उमेदवारही परतेल तो आपल्या कचेरीत, आपल्या बाजारात, आपल्या मतदानाच्या जागी परतेल. आणि तेथे धानाच्या भावाचा प्रश्न निघाला असता, मजुरीचा दर ठरविला जात असता, भूसंपादनाची मिसल टेबलावर आली असता, तो पूर्वीचा मनुष्य राहिला नसेल तर त्याची उमेदवारी सफल झाली. पाव एकरात किती भाजी निघाली याच्या मापाने तिचे यश मोजू नये.

चामोर्शीवरही येथे एक कर्तव्य येते. कोनसरीस लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे, तरुण तिकडे जातात, आणि त्यांनी जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार, ज्याने त्यांना निवड दिली नाही त्या समाजास नाही. परंतु जाणारा मुलगा विद्याही सोडून जातो, ती घेण्यास मागे कोणी उभे राहत नाही, आणि जन्माची वाट बंद होत असता शिष्यत्वाची वाट अद्याप उघडलेली नाही. ती उघडावी कशी, याचा नमुना धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने घालून दिला आहे. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविण्यापूर्वी कित्येक वर्षे या गावाने अभ्यासगट चालविला. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसत, प्रश्न विचारीत, आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वांच्या संमतीने घेई. तेथे शिकणे हे कोणाच्या कुळाचे वतन नव्हते. असाच अभ्यासगट धानाच्या बांधीभोवती बसू शकतो. त्यात भूमिहीन बाई गुरूच्या आसनावर बसू शकते आणि मालकाचा पदवीधर मुलगा तिच्याकडून रोवणी शिकू शकतो. त्या आसनासाठी तिला जमिनीचा पट्टा लागणार नाही. मात्र ती गुरू आहे हे एकदा मान्य केल्यावर तिला पट्टा का नाही, हा प्रश्न समाजास फार काळ टाळता येणार नाही.

जन्माने मिळालेली विद्या अहंकार देते किंवा लाज देते; मागून घेतलेली विद्या कृतज्ञता देते, आणि कृतज्ञतेवाचून अन्नाचा व्यवहार धर्म्य होत नाही. परंतु केवळ हात जोडून ही कृतज्ञता पुरी होत नाही. ती धानाच्या भावात, मजुरीच्या दरात आणि माणसास दिलेल्या मानात उतरावी लागते. ती तशी उतरविण्याची तयारी ज्या शिक्षणातून उत्पन्न होते, त्यालाच मी शेतीचे शिक्षण म्हणेन, मग ते मुंबईच्या गच्चीवर मिळो की चामोर्शीच्या बांधीत.